नागपूरहून नवदांपत्याची जंगलवारी: आठ दिवसांत काय बसतं, काय बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुरुवातीला लग्न, दोघंही नागपूरचे, स्वतःची हॅचबॅक आणि आठ दिवसांची रजा. ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड, सातपुडा आणि मेळघाट, सगळं एकाच फेरीत गाडीने होईल का?

नाही होणार. ओढूनताणून केलंत तर जंगलापेक्षा डांबरच जास्त बघाल. बांधवगड नागपूरपासून साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, जाऊन येण्यातच दोन दिवस जातात. मेळघाट पश्चिमेला, म्हणजे पेंच-कान्ह्याच्या अगदी उलट दिशेला. सातपुड्याची मजा पायी आणि होडीतून फिरण्यात आहे, तिथे घाईने जाऊन उपयोग नाही. ही तिन्ही पुढच्या वर्षांसाठी ठेवा. नागपूरचं भाग्य असं की ताडोबा, नागझिरा, कान्हा आणि पेंच या चार जंगलांची एक गोल फेरी साधारण ८०० किलोमीटरांत पूर्ण होते आणि मुक्की-बालाघाट हा तुकडा सोडला तर कुठेही आल्या वाटेने परतावं लागत नाही.

बहुतेक जण आधी हॉटेल बघतात, मग रस्ता ठरवतात आणि शेवटी सफारीकडे वळतात. हा क्रम उलटा करा. आधी सफारीचा परवाना, मग त्याच गेटजवळची खोली, मग रस्ता. परवाने मोजके असतात, खोल्या भरपूर असतात. मध्य प्रदेशातल्या उद्यानांचं बुकिंग सुमारे चार महिने आधी खुलं होतं आणि शनिवार-रविवार सर्वांत आधी भरतात. म्हणजे डिसेंबरच्या फेरीची तयारी ऑगस्टमध्ये, लग्नाचा हॉल ठरतो त्याच सुमारास, सुरू व्हायला हवी. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळा. खोल्यांचे दर चढलेले असतात आणि गेटवर जत्रा असते. जानेवारीचा दुसरा आठवडा उत्तम.

बुकिंग फक्त वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स पुष्कळ आहेत आणि त्या मधले पैसे घेतात. परवाना, जिप्सी (सफारीची उघडी गाडी) आणि गाईड हे बऱ्याच ठिकाणी तीन वेगळे खर्च असतात. ऑनलाइन भरलेल्या रकमेत काय काय आलं ते पावतीवर वाचून घ्या, नाहीतर पहाटे गेटवर हिशेब चुकतो. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. दोघांसाठी अख्खी गाडी घेतली तर सहा जणांचा खर्च दोघांवर येतो. पाचही सफाऱ्यांना हा थाट करू नका. कान्ह्यातल्या एका सफारीला पूर्ण गाडी घ्या, म्हणजे मनासारखं थांबता येईल. बाकी ठिकाणी जिथे एकेक जागा मिळते तिथे ती घ्या.

आता नव्या जोडप्यांची हमखास होणारी अडचण. बुकिंग लग्नाआधी होतं आणि घरातलं कोणीतरी उत्साहाने मुलीचं नाव नव्या आडनावाने टाकतं. गेटवर मूळ ओळखपत्र तपासतात आणि परवान्यावर तोच क्रमांक, तेच नाव लागतं. आधार कार्डावर अजून माहेरचं आडनाव असतं. नाव जुळलं नाही तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि परवान्यावर नाव बदलून मिळेल या भरवशावर राहू नये. म्हणून बुकिंगच्या दिवशी हातात जे कार्ड आहे त्यावर आहे तसंच नाव टाका, आणि फेरी होईपर्यंत आधार बदलायला देऊ नका. मूळ कार्ड सोबत ठेवा. मोबाईलमधला फोटो प्रत्येक गेटवर चालेलच असं नाही. हॉटेललाही दोघांची स्वतंत्र ओळखपत्रं लागतात. आडनाव वेगळं असल्याने काही बिघडत नाही.

दुसरी अडचण नकाशाची. ताडोब्याचं कोलारा गेट आणि मोहर्ली गेट नकाशात जवळ दिसतात, कारण मोबाईल कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यातून, जाणारा रस्ता दाखवतो. तो खासगी वाहनांना बंद आहे. बाहेरून वळसा घालून जायला दोन तासांहून जास्त लागतात. सफारी कोलाऱ्याची आणि खोली मोहर्लीची असं झालं की सकाळची फेरी बुडालीच समजा. कान्ह्यात मुक्की आणि खटिया या गेटांचंही तसंच. प्रत्येक बुकिंगवर गेटचं नाव ठळक लिहा आणि खोली घेताना तेच गाव सांगा. तुमची गाडीही आत जात नाही, ती मुक्कामावर उभी राहते आणि आत नोंदणी केलेली जिप्सीच नेते. त्यामुळे ‘मोठी गाडी भाड्याने घ्यावी का’ या शंकेत अर्थ नाही. हॅचबॅक पुरेशी आहे.

सुट्टीचे वार बघून दिशा ठरते. ताडोबा मंगळवारी बंद असतं. कान्हा आणि मध्य प्रदेशातलं पेंच बुधवारी दुपारी बंद असतं. म्हणून बुधवारी निघून पुढच्या बुधवारी परत या, सगळं आपोआप जुळतं. मांडवपरतणी, सत्यनारायण, कुलदैवत हे उरकल्यावर मध्ये दोन रात्री झोपेसाठी ठेवा आणि मग निघा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेचारचा गजर लावून जिप्सीत बसवलेलं माणूस जंगलात पेंगतं, आणि अशा डुलकीत जिप्सीने गचका दिला की मान आखडते.

बुधवारी सकाळी नऊला नागपूर सोडा. उमरेड, भिसी, चिमूर, कोलारा असा रस्ता आहे, अडीच-तीन तास. त्या दिवशी सफारी नको. गुरुवारी सकाळी कोअरची फेरी करा, दुपारी वाटलं तर बफरची, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्याची. ताडोबा हे १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. सागाचं आणि बांबूचं जंगल, मधे तलाव. फेरीची सुरुवात इथून करण्याचं कारण असं की तलावाच्या काठी आणि मोकळ्या रस्त्यांवर नवख्या डोळ्यालाही जनावर दिसतं. नजर इथे बसली की पुढच्या घनदाट जंगलात तिचा उपयोग होतो.

शुक्रवारी आठला निघून नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, लाखांदूर करत साकोली. वेळ असेल तर वडसा-अर्जुनी मोरगावमार्गे नवेगावबांधच्या तलावावर अर्धा तास थांबा, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी असतात. पण नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटची दुपारची सफारी घेतली असेल तर एक वाजेपर्यंत मुक्काम गाठायचाच आहे, तेव्हा पाणी आणि पक्षी यांत रमू नका. नागझिरा हे अभयारण्य आहे, नवेगाव हे राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला आहे. वाघाच्या मागे धावणारी गर्दी इथे बरीच कमी आहे. गवे आणि रानकुत्री बघायला मिळण्याची आशा ठेवून जा.

शनिवार हा मोठ्या प्रवासाचा दिवस: साकोली, कोहमारा, गोरेगाव, गोंदिया, बालाघाट, बैहर, मुक्की. सुमारे २०० किलोमीटर, पण थांबे धरून सहा तास. बालाघाटच्या पुढे घाट आणि जंगलातला अरुंद रस्ता आहे. साडेआठला निघालात तर अडीच-तीनला पोहोचता. बाराला निघालात तर घाटानंतर अंधार गाठतो, कारण या दिवसांत पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. टाकी गोंदियात किंवा बालाघाटला पूर्ण भरा. या सगळ्या पट्ट्यात नियम एकच: काटा अर्ध्यावर आला की पंप शोधा. पूर्ण फेरीला, लिटरला १५ किलोमीटर धरले तर, ५५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल.

अंधारात गाडी का चालवू नये हे नीट सांगतो, कारण तरुण मंडळी याला नुसती वडीलधाऱ्यांची काळजी समजतात. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट हा धानाचा मुलूख आहे. डिसेंबरात तणसाने (भाताच्या पेंढ्याने) भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात, आणि तणस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं असल्याने ट्रॉली अंधारात वाटते त्यापेक्षा रुंद असते. कुठे रस्त्यावरच धान वाळत घातलेलं असतं, त्यावर ब्रेक मारला की चाक घसरतं. त्यात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय). चितळ दिव्याच्या झोतात थबकतं, रोही मात्र सरळ आडवी धावते आणि एक गेली की मागून दुसरी येते. पहिलं जनावर ओलांडल्यावर लगेच वेग वाढवू नका. सकाळी वैनगंगेच्या काठाने धुकं असतं. अशा वेळी मोठा झोत (हाय बीम) नको, खालचा (लो बीम) लावा, कारण मोठ्या झोतात समोर फक्त पांढरी भिंत दिसते.

निघण्याआधी स्टेपनीतली हवा स्वतः तपासा. सर्व्हिसिंगमध्ये चार चाकांकडे बघतात, पाचवं राहून जातं. जॅक आणि पाना डिकीत आहे ना, चाकाचे नट तुमच्या पान्याने खरोखर सुटतात ना, हे घरच्या अंगणात एकदा करून बघा. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चर किट आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घ्या. नकाशे मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. मुक्कीच्या आसपास रेंज भरवशाची नाही, त्यामुळे यूपीआयवरही विसंबू नका. आठ-दहा हजार रुपये रोख, त्यात शंभराच्या नोटा जास्त, असं दोन ठिकाणी विभागून ठेवा. दोघांनाही गाडी येत असेल तर दर दोन तासांनी बदला, आणि तिचं मूळ लायसन्स माहेरच्या कपाटात राहून गेलं नाही ना ते बघा.

कान्हा हा या फेरीचा गाभा आहे, म्हणून तिथे तीन रात्री. इथे पहिल्यांदा सालाचं जंगल लागतं. सागासारखं ते एकदम उघडंबोडकं होत नाही, हिवाळ्यातही हिरवं राहतं. मधे पसरलेली मोठी गवताळ मैदानं आहेत, त्यांतली बरीचशी पूर्वीच्या गावांच्या जागी झालेली. रविवारी आणि सोमवारी सकाळची सफारी घ्या आणि दुपार मोकळी सोडा. कान्ह्याला जाऊन फक्त वाघ शोधत बसणं ही मोठी चूक. १९७० मध्ये इथले बारशिंगे अवघे ६६ उरले होते. कठीण जमिनीवर राहणारी ही जात जगात तेव्हा इथेच उरली होती. कुंपणात राखून, गवताळ मैदानं सांभाळून तिला परत वाढवलं गेलं. डिसेंबर-जानेवारीत नरांचा माजाचा काळ असतो, शिंगांना गवत अडकवून ते मैदानात ओरडत फिरतात. गाईडला पहिल्या दहा मिनिटांतच सांगा की आम्हाला बारशिंगे सावकाश बघायचे आहेत. न सांगितल्यास तो सवयीने वाघाच्या मागे जिप्सी पळवतो.

वाघाबद्दलही स्पष्ट बोलतो. हिवाळ्यात पाणी सगळीकडे असतं, गवत उंच असतं, त्यामुळे वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यावं लागत नाही. एप्रिल-मे मध्ये दिसण्याची शक्यता जास्त, पण तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो. पाच सफाऱ्यांत एकदा दिसला तर चांगलं झालं म्हणा. आवाज ओळखायला शिका. चितळ बऱ्याचदा कशालाही बिचकून ओरडतं, सांबर मात्र सहसा उगाच आवाज देत नाही. सांबराचा खणखणीत ‘ढांक’ पुन्हा पुन्हा आला की इंजिन बंद करायला लावा आणि दहा मिनिटं गप्प बसा. ड्रायव्हरला ‘दाखव, वरचे पैसे देतो’ असं कधीही म्हणू नका. त्या लालचेतूनच गाड्या वाघाला घेरतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्हीकडून अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. जनावरापासून किमान २० मीटर आणि पुढच्या जिप्सीपासून ५० मीटर अंतर हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा आणि गाडी पुढे घुसत असेल तर ‘थांबवा’ म्हणा. बसलेल्यांनी सांगितलं की ड्रायव्हर ऐकतात.

थंडीचा अंदाज नागपूरच्या थंडीवरून करू नका. कान्ह्याच्या मैदानांवर पहाटे दव गोठतं, आणि उघड्या जिप्सीत वारा थेट अंगावर येतो. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा थर घाला: आतून थर्मल, वर स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं जर्किन. कानटोपी आणि हातमोजे हवेतच. मुक्कामावरून एक ब्लँकेट मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. साडेनऊनंतर हे सगळं उतरवावं लागतं, म्हणून एक कापडी पिशवी जवळ असू द्या. रंग मातकट, खाकी, करडे. अत्तर आणि परफ्यूम नको. हिरवा चुडा हातभर असेल तर सफारीपुरत्या काचेच्या बांगड्या कमी करा किंवा वरून बाहीचं घट्ट टोक ओढून घ्या. जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर हात आपटून बांगडी फुटते आणि मनगटाला लागते. घरच्या मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवलं तर कोणाचं मन दुखावत नाही.

बसायला ड्रायव्हरच्या लगेच मागची रांग मागा. सर्वांत मागची सीट उंच असते आणि दृश्य छान दिसतं, पण ती मागच्या आसावर येते, सगळे गचके कमरेत बसतात. कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे, ताडोब्यात तो आत नेताच येत नाही. दोघांचे फोटो हवे असतील तर वेगळा कॅमेरा लागेल, ७०-३०० ची लेन्स भरपूर झाली. पण पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर मी दुर्बीण म्हणेन, ८×४२ ची. पहाटेच्या कमी उजेडात ती चालते. दहापटीची घेतली तर हलत्या गाडीत चित्र थरथरतं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. सकाळची सफारी चार-साडेचार तासांची असते आणि मधे स्वच्छतागृह एखाद्याच ठरलेल्या थांब्यावर मिळतं. नव्या घरात, नव्या माणसासोबत, ‘गाडी थांबवा’ म्हणायला मुली संकोचतात आणि म्हणून पाणीच पीत नाहीत. लग्नानंतरच्या दिवसांत मूत्रमार्गाला संसर्ग होण्याची शक्यता तशीही जास्त असते, त्यात पाणी कमी आणि लघवी रोखून धरणं याने ती आणखी वाढते. जळजळ, वारंवार लागणं, ताप अशी लक्षणं दिसली तर गोंदिया, बालाघाट किंवा सिवनीला डॉक्टर गाठा, अंगावर काढू नका. नवऱ्याने करायचं ते सोपं आहे: दर दीड तासाने तिला न विचारताच चांगल्या पंपावर गाडी थांबवायची. पाळी लांबवण्याच्या गोळ्या लग्नासाठी सुरू असतील तर त्या फेरीसाठी आपल्या मनाने पुढे वाढवू नका, डॉक्टरांना तारखा सांगूनच ठरवा. उलटीची गोळी, ओआरएस आणि डास पळवणारं मलम जवळ ठेवा. गोंदिया-बालाघाट भागात हिवतापाचा धोका आहे, संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला.

सफारीच्या आदल्या रात्री झणझणीत सावजी जेवण नको, कारण उघड आहे. सोबत दशम्या, तिळाची चटणी, चिवडा आणि संत्री घ्या. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री हाताशी असतातच. मात्र जंगलात ठरलेल्या थांब्याशिवाय काहीही खायचं नाही, आणि साल किंवा बी तिथे टाकायचं नाही. वानरं आणि डुकरं त्याला सोकावतात.

मंगळवारी मुक्कीहून परत बैहर, बालाघाट, मग लालबर्रा, बरघाट, सिवनी, आणि कुरई घाट उतरून खवासा, तिथून आत पेंचचं तुरिया गेट. हाही सहा तासांचा दिवस. सिवनीनंतर राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. खवाशाच्या पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत या महामार्गावर जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलला आहे, त्यांतला सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरचा. खालून वाघ जातात हे कॅमेऱ्यांनी टिपलेलं आहे. तिथे फोटोसाठी गाडी उभी करू नका. मागून भरधाव ट्रक येतात, आणि थांबलेल्या गाड्यांच्या गडबडीने खालची जनावरंही बिचकतात.

बुधवारी सकाळी तुरियाची सफारी. अकराच्या सुमारास बाहेर, जेवून एकला निघा. देवलापार, मनसर आणि मनसरहून फाटा घेऊन रामटेक. नवीन जोडीने देवाला जायचंच असतं, गडावरचं रामाचं दर्शन वाटेतच होतं. नागपूर तिथून तासा-सव्वा तासावर.

रजा पाचच दिवसांची मिळाली तर ताडोबा आणि नागझिरा गाळा. रविवारी निघून खवासा-सिवनीमार्गे थेट कान्हा, पण यावेळी सिवनी, नैनपूर, चिरईडोंगरी करून खटिया गेटला. तिथे दोन रात्री, सोमवारी सकाळी सफारी. मंगळवारी तुरियाला यायचं, बुधवारी सकाळची पेंचची फेरी करून हवं तर तिथेच राहायचं आणि गुरुवारी सावकाश नागपूर. ताडोबा घरापासून तीन तासांवर आहे. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळऐवजी दुपारीच निघालात तर ते शनिवार-रविवारातही होतं, त्यासाठी लग्नानंतरची रजा खर्च करायची गरज नाही.